प्रभूच्या येण्याची तारीख

अहो रत्नाचे बाबा,

बावीस वर्षांच्या संसारात आपण चार दिवससुद्धा कधी वेगळे राहिलो नाही, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. आज लिहायला बसले आहे, कारण गेल्या रविवारी आपल्या मंडळीत, भर उपासनेत, तुमचं नाव घेऊन एक खोटी गोष्ट सांगितली गेली. ती ऐकून मी उठून उभी राहिले.

बायकांनी उपासनेत मध्ये बोलू नये, असं तुम्ही मला नेहमी सांगत आलात. मी बोलले. साठ-सत्तर माणसांसमोर पाहुण्या उपदेशकाला जाब विचारला. तुम्ही शेजारी असतात तर माझा पदर ओढून मला खाली बसवलं असतंत. पण तुम्ही असतात, तर मला बोलायची वेळ तरी कशाला आली असती?

जोसेफराव आले होते. पुण्याचे तेच सुवार्तिक, ज्यांच्या तक्त्यासाठी तुम्ही सागाची चौकट करून दिलीत आणि तीन रविवार दुपारचं जेवण सोडून तिला पॉलिश मारत बसलात. चौकट तीच आहे. आतला कापडी तक्ता तेवढा नवा आहे. जुन्या तक्त्यावरची प्रभूच्या येण्याची तारीख निघून गेली, म्हणून नव्या तारखेचा नवा तक्ता रंगवून आणला आहे.

ते पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो तुम्हाला? थंडीचे दिवस होते. रशियाचे मोठे पुढारी आपल्या देशात पाहुणे म्हणून आले होते आणि पेपरात त्यांच्या हारतुऱ्यांचे फोटो होते. जोसेफरावांनी तो पेपर उंच धरला आणि म्हणाले की संदेष्ट्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या उत्तरेच्या राजाबद्दल लिहिलं, तो हाच. मग तक्ता उलगडला. दानिएल संदेष्ट्यानं राजाला उलगडून सांगितलेल्या स्वप्नातला तो पुतळा. डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. एकेका भागावर छडी ठेवून ते सांगत होते: हे बाबेल, हे पारस, हे ग्रीक, हे रोम, आणि या दहा बोटांवर आज आपण उभे आहोत. यहुद्यांचं राष्ट्र पुन्हा उभं राहिलं, म्हणजे प्रभूनं खूण म्हणून सांगितलेल्या अंजिराच्या झाडाला पालवी फुटली. आता उरली ती शेवटची घटका.

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला होता. नाही म्हणणार नाही. पण उपासना सुटल्यावर मला घरी जाऊन भाकरी टाकायची होती, आणि तुम्ही मात्र त्या तक्त्यासमोरून हलायला तयार नव्हतात.

त्या दिवसापासून तुम्ही बदललात. पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या वसाहतीचं काम जोरात चालू होतं, दारं-खिडक्या करायला तुमच्यासारखा हात मिळत नव्हता. आणि तुम्ही त्या दारांच्या फळ्यांवर सुतारी पेन्सिलीनं आकडे मांडत बसायचात. बाराशे साठ दिवस, बाराशे नव्वद दिवस, तेराशे पस्तीस दिवस. एका दिवसाचं एक वर्ष धरायचं, कुठून धरायचं, कुठे थांबायचं. मुकादमानं एकदा घरी येऊन सांगितलं की दाविदराव चांगला माणूस आहे, पण दारं रंधून झाल्यावर पुन्हा रंधावी लागतात, सगळीकडे गणितं. तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

तुम्हाला अंताची एवढी घाई का होती, हे त्या मंडळीत फक्त मला ठाऊक होतं. जोसेफरावांनाही ठाऊक नव्हतं. आपली रूथ.

गावाकडे, नगर जिल्ह्यात, घटसर्पानं ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती. तुम्ही तिची पेटी स्वतःच्या हातांनी केलीत, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. एकही खिळा दिसू नये म्हणून सगळे सांधे खाचेत बसवलेत. नंतर आपण ते गाव सोडून चिंचवडला आलो, पण तुमचं मन तिथून कधी निघालंच नाही. जोसेफराव म्हणाले की कर्णा वाजेल आणि कबरी उघडतील, तेव्हा तुम्हाला एकच कबर दिसत होती. तुमची बाराशे साठची आणि तेराशे पस्तीसची सगळी गणितं तिच्याच दिशेनं चालली होती.

मी समजून घेतलं. पण आज विचारते, रूथ माझी नव्हती का? तिला मी पोटात वाढवलं होतं. मलाही तिला बघायचं आहे. त्यासाठी मी जित्या मुलीकडे पाठ फिरवली नाही.

रत्नाची गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण ती या पत्रात आलीच पाहिजे. पुण्याच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. मॅट्रिक होऊन तिनं स्वतः अर्ज लिहिला, स्वतः मुलाखतीला गेली. कागद हातात घेऊन ती नाचत घरात आली होती. तुम्ही कागद वाचलात, घडी केलीत आणि म्हणालात, “तीन वर्षं? कुठली तीन वर्षं?”

एवढंच. मग तुम्ही तिला शांतपणे समजावलंत की प्रभू येणार तेव्हा सगळं कुटुंब एका ठिकाणी असावं, आणि आता लवकरच या जगात दवाखाने लागणारच नाहीत. तुमचा आवाज इतका मायेचा होता की तिला भांडताही येईना. मला अजून वाटतं, तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. ती ओरडली असती, मी ओरडले असते, आणि जागा हातची गेली नसती.

मधल्या काळात इजिप्तच्या बाजूला लढाई पेटली. यहुद्यांचं राष्ट्र त्यात उतरलं, आणि जोसेफराव तारीख घेऊनच आले. येता पेंटेकॉस्टचा रविवार, जूनच्या सुरुवातीचा. पाळकसाहेब बाकावर बसून ऐकत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या दिवसांत मंडळी भरून वाहत होती. देहूरोड, आकुर्डी, खडकीहून माणसं चालत यायची. एवढी गर्दी बघून कुठला पाळक नाही म्हणेल?

पुढे नवे पैसे निघाले, तेव्हा जोसेफरावांनी तेही सोडले नाहीत. शेवटच्या काळातल्या श्वापदाची खूण अंगावर असल्याशिवाय कुणाला विकत घेता येणार नाही न् विकता येणार नाही, त्याची ही सुरुवात, असं म्हणाले. मग तापाची साथ आली, तीही खूण झाली. काहीही घडलं की ते तक्त्यावर कुठेतरी बसायचंच. मला वाटायचं, एखादी गोष्ट तरी अशी घडू दे की जी यांच्या तक्त्यात बसत नाही.

तशी एक गोष्ट घडली होती. तुमच्या पोटात.

अंतर्गळाचा त्रास तुम्हाला जुनाच. पण त्या उन्हाळ्यात तुम्ही ओझं उचललंत की मटकन खाली बसायचात. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करून घ्या, लहानसं आहे, आठ-दहा दिवसांत घरी जाल. पण आतडं अडकलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. मी तिथेच म्हटलं, लगेच करूया. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात की जूनच्या मध्यानंतर बघू. त्यांना वाटलं, कामाची अडचण असेल. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही मला म्हणालात, “सगुणा, जे शरीर पालटणारच आहे, ते आता कशाला फाडायचं?”

मी काय बोलणार होते? तुमच्या तोंडावर एवढा आनंद होता. रूथ गेल्यापासून मी तो बघितला नव्हता. आणि मी गप्प बसले. रत्नाचे बाबा, सगळ्यांच्या चुका मी इथे मांडते आहे, तेव्हा माझीही मांडते. मी त्या पायरीवर गप्प बसले.

गप्प बसली नाही ती एकटी कोंडाबाई. तळवड्याहून आपल्याकडे दूध घेऊन येणारी, शाळा न शिकलेली, तुमचा संदेष्टा कोण हेही तिला माहीत नाही. तुम्ही तिला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगितलंत, की देव आभाळातून येणार आहे आणि सगळी दुखणी संपणार आहेत. तिनं माप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “येऊ द्या की देव. आमी कुठं न्हाई म्हनतो? पन तवर पोटाचं बघा, दादा. त्यो आल्यावर तुमी नीट हाय म्हनून काय परत जानार न्हाई.”

तुम्ही हसलात. मला तर तिच्या पायांना हात लावावासा वाटला होता.

आणखी एक माणूस आठवतो. पेंटेकॉस्टसाठी पांढरं कापड आणायला मी पिंपरी कॅम्पात गेले होते, त्या सिंधी दुकानदाराकडे. घरातल्या तिघांसाठी एकदम पांढरं कापड बघून त्यानं विचारलं की कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, जग संपणार आहे म्हणतात. तो कापड मोजता मोजता थांबला. त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, “बाई, आमची दुनिया एकदा संपली. कराचीत. दुसऱ्या दिवशी पोरं सकाळी उठली आणि चहा मागितला.” मग पुन्हा कापड मोजू लागला. घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही म्हणालात, बिचारा. तो बिचारा होता? त्यानं दुकान उभं केलं होतं, रत्नाचे बाबा. आपण आपलं घर मोडत होतो.

तो रविवार उजाडला. मी पहाटेपासून न्हाणं-धुणं करून तुमचे कपडे काढून ठेवले होते. पवनेच्या काठी, मंडळीच्या मागच्या माळावर, सगळे सकाळी आठलाच जमले. पांढऱ्या कपड्यांत आपण चाळीसेक माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. गीतं म्हटली. प्रार्थना केली. तुम्ही सगळ्यात पुढे उभे होतात, पूर्वेकडे तोंड करून, एक हात पोटाच्या खाली दाबून धरून. दुपार झाली, लेकरं पाण्यासाठी रडायला लागली. रस्त्यानं जाणारी गावातली माणसं थांबून बघत होती. कुणी हसलं नाही हे त्यांचे उपकार. ढग आले आणि गेले. ऊन कललं. एकेक कुटुंब निघून गेलं.

आणि जोसेफराव? ते आलेच नाहीत. पुण्याच्या मंडळीबरोबर वाट बघणार, असा निरोप आदल्या दिवशी धाडला होता. नंतर कुणीतरी सांगितलं की त्या दिवशी ते पुण्यात एका घरी जेवायला होते. खरं-खोटं मला ठाऊक नाही, म्हणून मी ते मंडळीत बोलले नाही. पण माळावर ते नव्हते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

सूर्य टेकला तेव्हा माळावर आपण तिघंच उरलो होतो. रत्नानं तुमचा हात धरला. आपण घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनचा विषय काढला, तर म्हणालात, “थोडं थांब. मोजणी पुन्हा बघतो.” जोसेफरावांना पत्र टाकलंत. उत्तर आलं नाही. तुम्ही आणखी एक पत्र टाकलंत.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, न्याहारीच्या वेळी तुम्ही ताट सारलंत आणि जमिनीवर आडवे झालात. तुमचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोंडाबाईच्या लेकानं रस्त्यावर उभं राहून विटांचा ट्रक थांबवला. त्या ट्रकात, रिकाम्या फळ्यांवर, तुमचं डोकं मांडीवर घेऊन आम्ही पुण्याला गेलो. खडकीचा पूल येईपर्यंत तुम्ही रत्नाचं बोट सोडलं नव्हतं. डॉक्टर तेच होते. त्यांनी पोटाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. पोट फाडलं, तोवर आतडं काळं पडलं होतं. त्यांनी आपल्याकडून सगळं केलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

आत नेण्याआधी तुम्ही मला विचारलंत, “सगुणा, मोजणीत कुठे चुकलं ग?”

मी म्हटलं, “बोलू नका, दम लागेल.”

हेच माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. किती वेळा मी तो प्रश्न पुन्हा ऐकला असेल! तेव्हा सांगायला हवं होतं की मोजणीत काहीच चुकलं नाही हो. मोजायला बसलो, तिथेच चुकलं. पण मरणाच्या दारात असलेल्या माणसाला असं सांगता येतं का? मला आलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी एक काम केलं. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर लावून वाचते. तरी त्या संदेष्ट्याचं सगळं लिखाण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. तक्ता नाही, छडी नाही, मी आणि पुस्तक. दीड महिना लागला. मला काय दिसलं सांगू? परमुलखात धरून नेलेली चार पोरं. परक्या राजाच्या दरबारात नोकरी करणारी. ती रोजचं काम करत होती, आपलं खाणं सांभाळत होती, आणि जिथे वाकायचं नाही तिथे वाकत नव्हती. भट्टीत टाकलं तरी नाही, सिंहापुढे टाकलं तरी नाही. जग कधी संपणार म्हणून काम टाकून माळावर जाऊन उभं राहिलेलं त्यात कुणीच नाही.

आणि अगदी शेवटी, ते सगळे आकडे येतात ना, बाराशे नव्वद आणि तेराशे पस्तीस, तिथे तो संदेष्टा स्वतःच म्हणतो की मी ऐकलं, पण मला समजलं नाही. त्याला उत्तर काय मिळतं? तू आपल्या वाटेनं जा. मी ती ओळ बोटानं चार वेळा वाचली. ज्यानं ते दर्शन बघितलं त्याला समजलं नाही, आणि जोसेफरावांना समजलं! प्रभू स्वतः म्हणाला होता की ती घटका बापाशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि यांना रविवारसकट ठाऊक होती! हे तुम्हाला एकदाही कसं खटकलं नाही? तुम्ही तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेले. दाराची चौकट सूतभर वाकडी असली तर तुम्हाला लांबून दिसायची.

आता गेल्या रविवारचं सांगते.

रशियानं आभाळात तो धातूचा गोळा सोडला, त्याची बातमी इकडेही पसरली आहे. संध्याकाळी माणसं मैदानात उभी राहून वर बघतात. जोसेफरावांना आणखी काय हवं? आकाशातली चिन्हं, म्हणाले. नव्या तक्त्यावर पुतळ्याच्या डोक्यावर तो गोळा काढला आहे, त्याला किरणं काढली आहेत. मागच्या खेपेला राष्ट्राच्या जन्मापासून मोजलं ते चुकलं, आता लढाईपासून मोजायचं, असं सांगितलं. तारीख दोन वर्षं पुढे गेली. लोक ऐकत होते. माळावर उभी राहिलेली माणसंही ऐकत होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

इथवर मी गप्प होते. मग ते म्हणाले की या मंडळीत एक भाऊ होता, दाविद नावाचा, प्रभूच्या धंद्याचाच सुतार. त्यानं कुऱ्हाड-करवत बाजूला ठेवून वाट बघितली, आणि प्रभूनं त्याची ओढ बघून त्याला आधीच जवळ बोलावलं. वाट बघता बघता तो शांतपणे झोपी गेला.

शांतपणे!

मी उठले. पुढच्या बाकाला धरलं. म्हटलं, “भाऊ, रत्नाचे बाबा झोपी गेले नाहीत. त्यांचं आतडं पिळवटलं आणि ते ओरडत गेले. तुम्ही दिलेल्या तारखेसाठी त्यांनी ऑपरेशन थांबवलं होतं.”

पाळकसाहेबांनी हातानं बसायची खूण केली. मी बसले नाही. जोसेफराव रागावले नाहीत, उलट हसून म्हणाले, “बाई, तुमचं दुःख मी समजतो. संदेष्ट्याची गणना चुकत नाही. माणसाची चुकते.”

मी म्हटलं, “मग कुठल्या माणसाची चुकली, ते नाव घेऊन सांगा.”

त्यांनी तक्त्याकडे बघितलं. पाळकसाहेबांकडे बघितलं. नाव काही घेतलं नाही. मी बरीच वाट बघितली, सगळ्यांनीच बघितली. मग ते म्हणाले की आपण प्रार्थनेत जाऊया. आणि डोळे मिटले. मी डोळे मिटले नाहीत. बाजूला बघितलं तर रत्ना उभी होती. पलीकडच्या बाकावर रिबेकाआजी काठी टेकत उठत होती, जिला माळावर उन्हानं घेरी आली होती. मग आणखी दोघी उठल्या. पुरुषांतून कुणी उठलं नाही, हेही लिहून ठेवते.

आम्ही पाच बायका प्रार्थना संपेपर्यंत उभ्या राहिलो आणि मग बाहेर पडलो.

मंगळवारी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले की मला पहिल्यापासून शंका होती, पण मंडळी कधी नव्हे ती एवढी भरली होती. मी त्यांना म्हटलं, पाळकसाहेब, तुमची शंका तुम्ही आत्ता मला सांगता आहात. दाविदराव जिवंत असताना सांगायची होती. ते म्हातारे झालेत, मला त्यांची कीव आली. पण मी शब्द मागे घेतला नाही. जाताना त्यांनी कबूल केलं की जोसेफरावांना पुन्हा बोलावणार नाही, आणि येत्या रविवारी घडलं ते वेदीवरून स्वतः सांगतील. बघू.

दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. बाईनं प्रभूच्या सेवकाचा अपमान केला म्हणतात. म्हणोत. मला शाळेत लहान मुलांना सांभाळायचं काम मिळालं आहे, माझं नीट चाललं आहे. रत्नानं पुन्हा अर्ज केला होता. जागा मिळाली. जानेवारीत ती पुण्याला राहायला जाणार आहे. डॉक्टरांनी तिच्यासाठी चार शब्द लिहून दिले. प्रवेशाचा कागद आला तेव्हा ती यंदा नाचली नाही. तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “आई, ही तीन वर्षं.” मला तिला जवळ घ्यावं लागलं.

माझा विश्वास गेला असं समजू नका. प्रभू येणार यावर माझा पूर्वी होता तेवढाच विश्वास आहे. कदाचित थोडा जास्तच, कारण आता भेटायची दोन माणसं आहेत. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही मी करत नाही. तुमच्यावरचा राग हळूहळू उतरेल. एका लेकरासाठी झुरणाऱ्या बापावर कुणी किती दिवस रागावणार? पण ज्यानं त्या झुरण्याला तारीख दिली आणि तारीख टळल्यावर तुमच्या पत्राला उत्तरसुद्धा दिलं नाही, त्याच्यावरचा राग मी ठेवणार आहे. तो मला कामी येणार आहे.

आपल्याकडे जोसेफराव आता येणार नाहीत, पण दुसरीकडे जातीलच. मी चौकशी केली आहे. येत्या शनिवारी सकाळी तळेगावला सभा आहे, पुढच्या आठवड्यात खडकीला. तुम्हाला शब्द देते: जिथे जिथे ते तक्ता उलगडतील आणि मला कळेल, तिथे तिथे मी जाईन. मागच्या बाकावर बसून सगळं ऐकून घेईन. आणि त्यांनी तारीख सांगितली की उठून तुम्ही कसे गेलात ते सांगेन, जसं घडलं तसं, एक शब्द वाढवणार नाही की कमी करणार नाही. तिथेही कुणाचा तरी नवरा पोटाला हात दाबून पुढच्या रांगेत बसलेला असेल. त्याच्या बायकोला ऐकू गेलं तरी पुरे.

रिबेकाआजी म्हणते, मीही येते. तिला गाडीत चढवायला रत्ना लागेल. आम्ही तिघी जाणार आहोत.

तुमची,
सगुणा